अमिनाबीच्या मेहरातल्या लारी

ता. ३ मे १९३२, मंगळवार. मु. हर्णे

आगबोट लांब थांबली, पुढे किनाऱ्यापर्यंत पडाव, म्हणजे लहान होडी. लाट आली तसे कमरुद्दीन शेठ उभेच राहिले, डोक्यावर तराजूच्या काट्याची पेटी. तांडेल ओरडला, "ओ चाचा, बसा खाली, बुडवाल सगल्यांना!" शेठ म्हणाले, "मी भिजलो तर वाळेन. काटा भिजला तर गंजेल." बसले नाहीतच. कमरेपर्यंत भिजून उतरले. साठी उलटलेला माणूस.

चार वर्षं झाली मला त्यांच्या दुकानात. भेंडीबाजार, जुनी नाणी घेणं-विकणं. मी झाडणार, पेट्या उचलणार. तिसरी पुरी केली नाही, पण नाणं हातात आलं की सोडवत नाही. तरी यंदा बसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचं मनात होतं. एक जागा धरवत नाही मला. शेठ म्हणाले, "सख्या, हर्ण्याचं काम कर, मग जा कुठं जायचं तिथं." माझं गाव देवरुखकडलं, इकडचं बोलणं कळतं, म्हणून घेतला बरोबर.

काम असं. इथल्या अमिनाबीला तिच्या मेहरच्या, म्हणजे लग्नात नवऱ्याने तिच्या नावे दिलेल्या, लारी विकायच्यात. मुलगा युसूफ, त्याला स्वतःचा मासेमारीचा मचवा बांधायचाय. आगबोटी पावसासाठी बंद व्हायच्या आत उरकायला हवं.

ता. ४, बुध.

लारी म्हणजे गोल नाणं नव्हेच. चांदीची तार, मधोमध दुमडून दुहेरी केलेली, बोटाएवढी, आणि वर ठसा मारलेला. अरबी वळणाची अक्षरं, अर्धी तारेबाहेर गेलेली. शेठ म्हणतात, ह्या तारेवर एके काळी इराणकडच्या हुरमुजपासून दाभोळपर्यंत घोडे, खजूर, कापड सगळं चालायचं. मी गळ समजलो असतो माशाचा.

घर बंदराच्या वरच्या अंगाला. युसूफने पाट दिले. अमिनाबी दाराच्या पडद्याआड. सून जुबेदाने थाळा आणून ठेवला आणि शेठचा चेहरा पडला.

लख्ख. आरशासारख्या. पाहुणे मुंबईचे, त्यांना काळी चांदी कशी दाखवायची, म्हणून पोरीने रात्री आमसुलाच्या पाण्यात टाकून सकाळी राखेने घासल्या. नारळाच्या शेंडीने! आमच्याकडे आईसुद्धा हेच करील. दिव्याला, तांब्याला, पाहुणा यायचा म्हटलं की. माया म्हणून केलेलं. पण काही अक्षरं पार पुसट झालीत.

शेठनी एक उचलली, ठेवली. "उद्या येतो," म्हणाले. वाटेत मी म्हटलं, सांगायचं नाही वाटतं? म्हणाले, "सांगायचं कसं ते शोधतोय."

ता. ५, गुरु.

आज जे पाहिलं ते लिहून ठेवतो.

सकाळचं तिरपं ऊन ओटीवर येतं तिथे शेठ बसले. काळं फडकं पसरलं. एकेक लारी बोटांत धरून उन्हात हळू फिरवायची, भिंग शेवटी, आधी नुसता डोळा. मग दोन लारी एकमेकींवर कानाशी वाजवायच्या. खरी आवाज लांबवते, आत तांबं असेल तर बद्द. मग दुमड बघायची, कारण खोट्या लारीचं तांबं तिथेच डोकावतं. एकीवर छिन्नीचा वार होता. शेठ मला म्हणाले, "बघ. कुणा सराफाने शंका घेऊन मारलाय. तो मेला, त्याची शंका राहिली." त्या सराफाला जणू ओळखत होते असं हसले.

एक विजापूरच्या पातशहाची, एक हुरमुजची. भराभर वाचत होते. अक्षर अर्धं असलं तर उरलेलं हवेत बोटाने काढायचे. मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिलो.

मग पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "बीबी, वाईट वाटून घेऊ नका. काळा थर म्हणजे ह्यांचं वय होतं. सुनेनं वय धुतलं. घेणारा आता कमी देईल, मीसुद्धा."

आत जुबेदा रडायला लागली. अमिनाबी मोठ्याने हसली. "मग माजं पन धू म्हनावं तिला, आमसूल हाय घरात!"

युसूफ चिडला. "शेठ, किंमत पाडायची ही तऱ्हा हाय तुमची." मला राग आला, शेठ एकेक लारी थाळ्यात परत ठेवत राहिले.

ता. ६, शुक्र.

नमाजानंतर बोलावणं. अमिनाबीने पडद्याखालून एक पिशवी सरकवली. आत आणखी लारी. काळ्या कुळकुळीत, एकीलाही हात न लावलेल्या!

म्हणाली, "पोरगी घासताना दिसली तशी बाकीच्या लपवल्या मी. काल दाखवणार नव्हते. दापोलीचा सोनार आला होता पंधरवड्यामागे. त्याच्यापुढं पोरीनं एक धुऊन ठेवली होती, ती बघून वा वा म्हनला, वजन केलं, बस. तू मात्र खोट काढलीस आमच्या तोंडावर. म्हनून ह्या."

शेठनी पिशवी दोन्ही हातांनी उचलली. मी म्हटलं मनात, असा धंदा करता आला पाहिजे.

ता. ८, रवि.

सोनार पुन्हा आला. चांदीच्या वजनाची किंमत, रोख, आत्ताच्या आत्ता. त्याच्याकडे गेल्या तर लारी मुशीत जाणार, त्याच्या लेकीचे तोडे होणार. युसूफ तयार. सुतार थांबलाय, लाकूड बघून ठेवलंय, पाऊस पडला की फळ्या भिजणार.

युसूफ शेठकडे येऊन बसला, रुमाल काढा म्हणाला. आमच्या धंद्यात भाव तोंडाने होत नाही, दोघांचे हात रुमालाखाली, बोटांनी. शेठनी रुमाल काढला नाही. "माल कुणाचा?"

"आमचा."

"मेहर आहे ना? मग तुझा नाही, तुझ्या बापाचाही नव्हता. आईशी बोलेन."

"आई काय तुमचा हात धरणार? लोक काय बोलतील?"

"ते मी बघतो."

युसूफ पाय आपटत बंदरावर मासळीच्या लिलावाकडे गेला. संध्याकाळी मी पण गेलो. पापलेटांच्या राशी, बायका गळा काढून बोली लावतायत. इथे सगळं ओरडून. मी विचार करत होतो की शेठ बघतो म्हणाले खरे, पण काय बघणार?

ता. ९, सोम.

विसरणार नाही हा दिवस.

उंबऱ्यावर सूप. त्याच्यावर शेठचा रुमाल. अलीकडे शेठ, पलीकडे पडदा. अमिनाबीने ओंजळभर चिंचोके घेतले. चिंचोक्याची किंमत आधी ठरली. तिने रुमालाखाली चिंचोके ठेवले, हात मागे घेतला. मग शेठनी हात घातला, चाचपले, काही काढले. हात मागे. मग ती. दोघांचे हात एकदाही एका वेळी आत नाहीत. आम्हांला दिसतो फक्त हलणारा रुमाल, खाली उंदीर असावा तसा.

युसूफ भिंतीला टेकून उभा, डोळे रुमालावर. बाहेर कावळे.

एकदा शेठनी आत हात घातला आणि भुवया वर गेल्या. पडद्याआडून, "काय रे, सूप लहान पडलं का?" शेठ हसले इतके की खोकला लागला. मग त्यांनी एकच चिंचोका ठेवला असणार, कारण हात लगेच मागे आला. तिने बराच वेळ आत हात ठेवला. मग रुमाल सपाट केला, वरून तळहात फिरवला. झालं.

भाव आकड्याने मला कळला नाही, शेठ सांगतही नाहीत. एवढंच म्हणाले, "मुंबईत कुणी एवढं खेळवलं नव्हतं." डोळे चमकत होते. सोनार संध्याकाळी निघून गेला. लारी वितळणार नाहीत.

ता. १०, मंगळ.

अडलं.

शेठजवळ आहे ते लाकडापुरतं. बाकीचं मुंबईत लारी विकल्यावर, आणि ते पाऊस संपून समुद्र उघडल्याशिवाय पोचवता येणार नाही. मनीऑर्डर करतो म्हणाले. अमिनाबी म्हणाली, "कागदाचं मला नको. माजा नवरा कागद घेऊन गेला होता झांजिबारला, तो अजून यायचाय. माणूस दे."

"कुठला माणूस?"

"हा. सकाराम."

मी चहाचा कप खाली ठेवला.

युसूफ पहिल्यांदा हसला. "घ्या! ओलीस!" शेठनी माझ्याकडे बघितलं. हुकूम नाही केला. "तुला बसऱ्याला जायचंय," म्हणाले, "मी जबरदस्ती करणार नाही. नाही म्हणालास तर लारी इथेच ठेवून जाईन."

म्हणजे सोनार परत. मी म्हटलं, उद्या सांगतो.

ता. ११, बुध.

सांगितलं. हो म्हणालो.

का म्हणालो ते नीट लिहिता येत नाही. ती छिन्नी मारलेली लारी डोळ्यांपुढे येत होती. मुशीत गेली असती.

ता. १४, शनि.

शेठ गेले. पडावात पुन्हा उभेच, पेटी डोक्यावर, आत आता लारी. मला म्हणाले, "घेणाऱ्याला सांगेन कुठल्या धुतलेल्या आणि कुठल्या नाहीत. दडवलं तर भाव मिळेल, पण तुला सोडवायला यायचं तोंड राहणार नाही." खांद्यावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा.

आगबोटीचा धूर समुद्रातल्या किल्ल्यामागे गेला. तांडेल विचारतो, "तू नाय गेलास?" काय सांगू?

युसूफकडे लाकूड उतरलंय, उद्यापासून फळ्या धरायला ये म्हणतो. जुबेदा लाजत लाजत भाकरी आणि सुकट ठेवून गेली, त्यांच्या घराशेजारी वाण्याच्या पडवीत मी झोपतो तिथे. मागून अमिनाबीचा आवाज, "खा रे, ओलिसाला उपाशी ठेवत नायत."

हसायला आलं. मग आलं नाही.

सगळे मला विचारतात, शेठ येणार ना? मी म्हणतो, येणार. ज्या माणसाने परक्या ओटीवर बसून स्वतःच्या तोट्याचं खरं… म्हणजे तोट्याचं नव्हे, ते खरं सांगून तर पिशवी मिळाली त्यांना. हे आत्ता लिहिताना सुचलं.

तरी येणार. नारळी पौर्णिमेनंतर पहिली आगबोट येईल तेव्हा मी बंदरावर उभा असेन.