एक पाऊल बाजूला

अण्णा, पिस्तुलाच्या परीक्षेत मी एकदा नापास झाले आहे आणि शनिवारी पुन्हा बसणार आहे. चूक झाली ती तुम्ही शिकवलेल्या पावलाची. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी हे दुसऱ्या कोणाला सांगावंसं वाटलं नाही.

इथे दोह्यात मी एका सिक्युरिटी कंपनीत आहे. एका घरच्या म्हाताऱ्या बाईंसोबत दवाखान्यात, मॉलमध्ये जायचं, आजूबाजूला नजर ठेवायची. हात रिकामे, या देशात आम्हाला पिस्तूल बाळगता येत नाही. पण कंपनीची एक तुकडी त्याच घरच्या मंडळींबरोबर परदेशी जाते आणि जिथे कायदा परवानगी देतो तिथे कपड्यांआड पिस्तूल ठेवून काम करते. तिच्यात एकही बाई नाही. मला जायचं आहे. त्यासाठी रेंजवरची पहिली परीक्षा एकट्याची असते, सोबत कोणी नाही असं धरून. शिट्टी झाली की कोटाची कड मागे सारायची, पिस्तूल काढायचं, एक पाऊल बाजूला टाकून आडोशाला जायचं, मग दोन गोळ्या. दोनदा चुकलं की खलास.

तुम्ही सागवानातून कोरून दिलेलं पिस्तूल मी इकडे आणलं नाही. विमानतळावर कोणी विचारलं तर काय सांगणार? म्हणून अल हिलाल भागातल्या खोलीत टीव्हीचा रिमोट कमरेला खोचून सराव करते. माझ्यासोबत राहणारी रत्नागिरीची नर्स हसते. "अगो, टीव्ही लावतेस की त्याला गोळी घालतेस?" हसू दे. बोट सरळ, ट्रिगरच्या बाहेर, रोज पन्नास वेळा.

पोलीस लाइनीतलं स्वयंपाकघर. मी अकरा वर्षांची. आई पोळ्या लाटते आहे आणि तुम्ही साहेबांच्या अंगरक्षकाच्या ड्युटीवरून आलेले, साध्या कपड्यांत, शर्ट बाहेर सोडलेला. "चल, आई म्हणजे साहेब," म्हणता आणि टाळी वाजवता. मी फ्रॉकवर घातलेला तुमचा जुना शर्ट उचलते, लाकडी पिस्तूल काढते आणि डावीकडे एक पाऊल टाकून आईच्या पुढे उभी राहते. "अहो, साहेबांची पोळी करपली," आई म्हणते. एकदा मी पुढे न येता बाजूला सरकले. तुम्ही ओरडला नाहीत. "तू वाचलीस. साहेब गेले," एवढंच म्हणालात आणि महिनाभर पिस्तूल कपाटावर ठेवलंत. त्यानंतर माझं पाऊल चुकलं नाही. तुमच्यावर तर तशी वेळ कधी आलीच नाही. तुम्ही काविळीनं गेलात.

परीक्षेत आडोसा उजवीकडे होता. मी डावीकडे गेले, उघड्यावर, थेट लक्ष्यासमोर. दोन्ही गोळ्या मधोमध लागल्या, तरी नापास. शिकवणारे निवृत्त सुभेदार जवळ आले.

"मॅडम, आपके पीछे कौन है?"

"कोई नहीं, सर."

"फिर किसको बचा रही हो?"

आईला, असं कसं सांगणार?

त्या दिवसापासून पाण्याच्या बाटल्यांचे खोके एकावर एक रचून त्यांचा आडोसा केला आहे. पहिले काही दिवस प्रत्येक पावलाला लाज वाटायची, जणू गॅसपाशी कोणाला एकटं टाकून आले. तरी मोजत राहिले. काल पन्नासातली अठ्ठेचाळीस पावलं बरोबर पडली. उरलेल्या दोनांसाठी पुन्हा पहिल्यापासून पन्नास केली.

शनिवारी मी बाजूला होणार आहे, अण्णा. खरं सांगते, हे लिहायला घेतलं ते तुमची परवानगी मागायला. पण इथवर आले आणि कळलं, तुम्ही नाही म्हणाला असतात तरी माझं पाऊल आता उजवीकडेच पडेल. म्हणून विचारत नाही.