‘ग्रंथपाल ४.७’ची एकनिष्ठ वापरकर्ती

२ मार्च, सोमवार
बायको, रादमिला, जाऊन तेवीस दिवस झाले. रडायचं नाही, कामाला लागायचं, असा निश्चय. दुपारपर्यंत दोनदा मोडला.
ग्रंथालयातून मी लिहिलेला ‘ग्रंथपाल ४.७’ प्रोग्रॅम काढून वेबवरचं काहीतरी बसवणार म्हणे. बावीस वर्षं तिथल्या काउंटरवर बसून तिने माझ्याच प्रोग्रॅमवर पुस्तकं दिली-घेतली. तो काढला की तिचं कामच पुसलं जाणार. मी बरं होऊ देईन. वीस तारखेला समितीपुढे प्रात्यक्षिक मागून घेतलं.

५ मार्च
वेबवाली यासना भेटली. पोरगी गोड आहे, पण पडद्यावर बटणं फक्त तीन. माझ्यात दोनशे बारा सोयी आहेत. विचारलं, पुस्तक परत घ्यायची कळ कुठली? म्हणाली, काका, बटणावरच लिहिलंय ‘परत’. म्हणजे लोकांनी आता वाचत बसायचं. आमच्यात शिफ्ट धरून एफ-नऊ, मग दोनदा एंटर. हाताला बसलं की बसलं.

८ मार्च
महिला दिन. फुलं सवयीने घेतली. कबरीवर ठेवून आलो.
तिने कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली होती, प्रोग्रॅमचा तो बीप जरा कमी होईल का. मी म्हटलं, तो मुद्दाम ठेवलाय, चूक झाली की कळायला नको? पुन्हा बोलली नाही. शिकली असणार.

१४ मार्च, शनिवार
चाळिसाव्या दिवसाचे विधी, रीतीप्रमाणे आधीच्या शनिवारी. उकडलेले गहू, वाइन, मेणबत्त्या. ग्रंथालयात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी ग्रोझदाना दोनदा जवळ आली. म्हणाली, रादिवोय, ते प्रात्यक्षिक राहू दे, घरी बस. यासनाने फितवलेली दिसते.

१८ मार्च
भाषण तयार. शेवट असा: मी काय बोलू, रादमिलाच्या नोंदीच बोलतील. आरशासमोर म्हणताना आवाज फुटला. परवापर्यंत सुधारेन.

२० मार्च, दुपार
समितीपुढे प्रोग्रॅमच्या शोधात तिचं नाव टाकलं. बीप. यासना हळूच म्हणाली, काका, लॅटिन लिपीत टाइप केलंत, तुमचा प्रोग्रॅम फक्त आपली सिरिलिक लिपी घेतो. पुन्हा टाकलं. नोंदी एकशे सहा. शेवटची नोव्हेंबर २००४ची, म्हणजे प्रोग्रॅम बसवल्यावर दोन महिन्यांची. म्हटलं, डिस्क गेली असेल.
मग ग्रोझदानाने कपाटातून पुस्तकांच्या देवघेवीच्या वह्या काढल्या. बासष्ट. सगळ्या रादमिलाच्या हातच्या. कॉम्प्युटर ती रोज सकाळी चालू करून ठेवायची, मी संध्याकाळी न्यायला यायचो तेव्हा दिसावा म्हणून. ग्रोझदानाला बजावलं होतं, त्याला कळू देऊ नकोस, जिवाला लावून घेईल.

२१ मार्च
यासना वह्या वेबवर चढवणार आहे. मजकूर वाचून सांगायला माणूस हवा होता. म्हटलं, तिचा नवरा आहे मी, माझ्याशिवाय कोण सांगणार.
पहिलं पान उघडलं. अक्षर लागेना. चौतीस वर्षं संसार केला. तिच्या हातचं मी कधी नीट वाचलंच नसणार.
ग्रोझदानाला बोलवावं लागलं.