चिठ्ठीवर मी घातलेली तारीख

अप्पा,

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. आळंदच्या बाजारात तुरीचं पोतं उतरवताना तुमची पाठ धरली.
२. डॉक्टरांनी दुखण्यावर अफूच्या जातीचं इंजेक्शन दिलं.
३. पाठ बरी झाली. इंजेक्शन सुटलं नाही.
४. एक दिवस ते जास्त झालं आणि तुम्ही गेलात. आईने सगळ्यांना पोटाचा आजार सांगितला.

तेव्हा मी अकरा वर्षांची. डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवरची तारीख ब्लेडने खरवडायची, नवी घालायची आणि औषधाच्या दुकानातून इंजेक्शन आणायचं, हे काम माझं. "तुझं अक्षर डॉक्टरावानी हाय, बाई," म्हणत तुम्ही पेन पुढे करायचात आणि मला अभिमान वाटायचा. पहिल्यांदा मी कानडी शाळेच्या सवयीने कानडी अंक घातले. "डॉक्टर कानडी कवा शिकला गं अक्का?" म्हणून दुकानदार हसला, आणि इंजेक्शन दिलं. शेवटचंही मीच आणलं.

आता मी हैदराबादला जनुकांच्या प्रयोगशाळेत आहे. असली औषधं मेंदूत जिथे चिकटतात, तो भाग घडवणाऱ्या जनुकात काही माणसांत एका अक्षराचा फरक असतो. त्याने सवय लागण्याचा धोका वाढतो असं काही अभ्यास म्हणतात. काहींना तसं दिसत नाही. वाढला तरी थोडाच. फरक असलेली पुष्कळ माणसं आयुष्यभर ठणठणीत असतात. मी माझं रक्त तपासलं. फरक आहे. तो तुमच्याकडून आला की आईकडून, ते कळलेलं नाही. तुमचं रक्त तपासायला उरलेलं नाही.

गुरुवारी गुलबर्ग्याला आपल्या धाकट्याच्या मणक्याचं ऑपरेशन आहे. नंतर त्याला त्याच जातीचं औषध देतील. घरात कुणाला सवय होती का, असं डॉक्टरांनी विचारलंय. आई म्हणते, "कामून सांगायलीस? त्याची सोयरीक ठरायलीय. पोटानं गेले म्हण." मी म्हणाले, सांगितलं तर औषध जपून देतील. "आन् पोरगी कोण देईल, तुझी लॅब?"

रक्त मी धाकट्यासाठी तपासलं, असं घरी सांगितलंय. ते खरं नाही. दोष जनुकावर गेला तर माझ्या वाट्याचा कमी होईल, असं मला वाटलं होतं. झाला नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. गुरुवारी सकाळी डॉक्टरांना खरं सांगणार आहे. तुमची हरकत असेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा.