वरून आलेले दगड

ता. ९, बुधवार, दुपार

दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? लेकीच्या घरी आयता चहा पिऊन सोकावला असशील. वहिनीला सांग, त्याला जिना चढू देऊ नको.

फोन केला नाही, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी हो-हो करत बसते. मघाशी पत्र अर्धं टाकून कोंबड्यांना दाणे घालून आले. सकाळीच घातले होते.

पुरानंतर सरकारने तातडीची मदत दिली ना, शेतातले दगड-गाळ काढायला आणि मोडलेले बांध उभारायला, ती मलाही मिळाली. सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलं नाही. सोमवारी कार्यालयाबाहेर यादी लागतेय, कोणाला, कशासाठी, किती. मोबाइलवरही दिसणार म्हणे. तुझी लेक बघेलच, तिला असल्या गोष्टींचा भारी नाद.

रविवारी तू म्हणालास, "वरचं शेत विकून टाकतो. बांधच गेला, आता एवढे दगड कुठून आणू? बाहेरच्याला कशाला, तूच घे, देशील ते दे." तेव्हापासून रोज हे पत्र लिहायला बसते आणि उठते.

दादा, तुझा बांध नदीत गेला नाही. मी तसं सांगितलं आणि तू मानलंस. तो अख्खा खाली माझ्या शेतात येऊन पडला होता. पाहणीला आलेल्या साहेबाने विचारलं, "हे दगड कुणाचे?" मी म्हटलं, "वरून आले." "वरून म्हणजे देवाकडून का?" म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. ते हटवायचे पैसे मला मिळाले. हटवून ठेवले कुठे, तर माझ्याच शेताच्या नदीकडच्या काठाला. काठ असा भक्कम झालाय की येणारा-जाणारा थांबून बघतो. मला तिकडे बघवत नाही.

ओळखले नाहीत म्हणायचीही सोय नाही. सपाट बाजू आत ठेवून ते बाबांनी आपल्याकडूनच रचून घेतले होते. मधल्या मोठ्या दगडाखाली तुझं बोट सापडलं होतं. तो मी स्वतः साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढला.

यादी लागणार नसती तर हे लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. आणि तुझा रागही येतो. अर्ज कर म्हणून मागे लागले, तर "मला नको कुणाची भीक" म्हणून ऐटीत बसलास. अर्ज केला असतास तर साहेब तुझ्याही शेतात आला असता आणि माझी जीभ अशी वळली नसती. बघ, अजूनही तुझ्यावरच ढकलतेय.

शेत विकू नकोस. मला तर नाहीच नाही. आज सकाळपासून काठ उकलायला घेतलाय, ट्रॅक्टरच्या दोन खेपा वर टाकल्या. पावसाआधी माझी बाजू उघडी पडेल, पडू दे. कार्यालयातही जाऊन खरं सांगणार आहे. पैसे परत मागतील, मागू देत. पण रचायला तू ये. काठी टेकत ये, बांधावर बसून शिव्या घाल, मी रचते.

दूधवाला उद्या शहरात येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. खाली दरवेळी "तुझी धाकटी" लिहिते. आज हात धजत नाही. नाव सोमवारी यादीत आहेच.