राजाचं नाक

४ फेब्रुवारी
आजपासून रोज डायरी लिहिणार. वेळच तशी आली आहे. पुढे कुणी विचारलं, तुम्ही एवढे मोठे कसे झालात, तर तारखेनिशी सांगता आलं पाहिजे.

ताई आली होती. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला जुळणारं बटण हवं म्हणून तिने आईचा बटणांचा डबा ओतला, तर त्यातून सोन्याचं नाणं निघालं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, कडेने कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. राजाचं नाक चांगलं भरदार. ताई म्हणाली, आईचं आहे, निम्मं तुझं, निम्मं माझं. दुसरी असती तर गप्प बसली असती. ताईला व्यवहार कळत नाही तो असा.

एखाद्या जाणकाराला दाखवू या म्हणाली. मी म्हटलं, मग मी कोण आहे? विमा कंपनीत क्लेम तपासतो. खोटं ओळखण्याचाच पगार घेतो. नाणं माझ्याकडे ठेवून घेतलं.

ताईला घाई आहे. तिचा शिवणाचा गाळा मालक विकतोय. आधी तुम्हाला विचारतो, पण मार्चअखेरपर्यंतच थांबेन, असं त्याने सांगितलंय. घाईत कधी कुणाचं भलं झालंय?

५ फेब्रुवारी
चाचणी पहिली. फ्रिजवरचा मॅग्नेट. नाणं चिकटलं नाही. सोनं सिद्ध. सौ. म्हणाली, तो मॅग्नेट फ्रिजलाही धड चिकटत नाही. सौ. विज्ञान शाखेची नाही. (मीही नाही, पण मी व्हिडिओ पाहिलेत.)

७ फेब्रुवारी
चावून पाहिलं. नाण्यावर दाताची खूण उमटली, म्हणजे सोनं शुद्ध. माझ्या दाढेतलं जुनं सिमेंट निघालं. चावलं ते घोडेस्वाराच्या बाजूने. राजाचा मान राखला.

उद्या दाताच्या डॉक्टरकडे जाणार. परवा नक्की.

९ फेब्रुवारी
आवाजाची चाचणी. व्हिडिओत नाणं बोटावर तोलून पेन्सिलीने हलकेच वाजवतात. या घरात वेळेवर पेन्सिल सापडेल तर शपथ. मी ते बाथरूमच्या फरशीवर टाकलं. खणखणीत वाजलं. कडेला बारीक पोचा आला, पण त्याने पकड चांगली बसते.

ताईचा फोन. कुणाला दाखवलंस का? तपास चालू आहे म्हटलं.

१२ फेब्रुवारी
ताईच्या टुमण्यापायी अखेर नाणेवाल्याकडे गेलो. अरुंद जिना, वर एवढंसं दुकान, आत एक म्हातारा. डोळ्याला भिंग लावून त्याने नाणं दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग म्हणाला, अस्सल आहे. असं नाणं हाताखालून फार वेळा जात नाही. कडेने धरा, राजाच्या तोंडावर बोट लावू नका.

आणि आकडा बोलला. मी मनातल्या मनात भागाकार केला. निम्म्यात ताईचा गाळा आरामात होईल आणि उरलेल्या निम्म्यात माझी गाडी. पण मी ताकास तूर लागू दिली नाही. आमच्या विभागात एक साधा नियम आहे. पैसे मागणारा जे सांगेल त्याच्या निम्मं खरं. हा तर पैसे देत होता, म्हणजे नियम उलटा. दुप्पट. त्यातून म्हातारा चेहऱ्याने सज्जन दिसतो, म्हणून आणखी दुप्पट.

पोचा नवा दिसतोय म्हणाला. भाव पाडायची ही जुनी तऱ्हा. निघताना जिन्यापर्यंत आला आणि पुन्हा पुन्हा सांगू लागला, विकायचं नसेल तर विकू नका, पण याला काही करू नका. पुसूसुद्धा नका. ही जी लालसर झाक आहे ना, तिचीच किंमत आहे.

घरी येईपर्यंत त्याचा डाव माझ्या लक्षात आला. पुसू नका असं माणूस कधी सांगतो? पुसल्यावर किंमत वाढणार असेल तेव्हा.

१३ फेब्रुवारी
ताईला आकडा सांगितला. ती खुर्चीवर बसली ती बसलीच. मग म्हणाली, अरे, एवढे खूप झाले, देऊन टाकू या. तिला शांतपणे बाजार समजावून सांगितला. चौपट होणार आहेत म्हटलं. चौपट घेऊन मी काय करू, मला एकच गाळा हवाय, म्हणाली. अशा माणसांची प्रगती होत नाही.

जाताना दारात थांबून म्हणाली, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तू म्हणशील तसं. फक्त मार्चच्या आत बघ बाबा.

१८ फेब्रुवारी
व्हिजिटिंग कार्डं छापून आली. नावाखाली ‘नाणेतज्ज्ञ’. सौ.ने एक कार्ड उलटसुलट पाहिलं आणि किराण्याची यादी लिहायला घेतलं.

मोठ्या लिलाव कंपनीला ईमेल केला. नऊ मार्चला बोलावलंय. म्हाताऱ्याला कळेल तेव्हा भिंग गळून पडेल.

२५ फेब्रुवारी
रविवार. मोहीम सफाई. आधी टूथपेस्ट आणि जुना ब्रश. फरक पडला, पण डोळ्यांत भरेना. मग सौ.ची भांडी घासायची पावडर. राजा उजळला. माझाही उत्साह वाढला. तसाच उठलो आणि गॅरेजवाल्याकडे गेलो. तो गाड्यांच्या बंपरला फिरत्या चाकावर चमक आणतो. त्याला म्हटलं, मार एक हात. तो म्हणाला, साहेब, सोनं आहे हो, नको. शेवटी त्याला बाजूला करून मीच धरलं.

काय झळकतंय! बघवत नाही. लालसर डाग नावाला उरला नाही. कडेची अक्षरं जरा सपाट झाली, पण ती कुणाला वाचता येत होती? राजाचं नाक थोडं बसलं. आधी जरा जास्तच होतं. आता राजा देखणा दिसतो.

सौ. म्हणाली, नवंच दिसतंय. हिच्या तोंडून पहिल्यांदाच कौतुक.

३ मार्च
राजीनाम्याचा मसुदा तयार. साहेबांना मोघम सूचना दिली की माझ्याविना चालवायची सवय करा. चालेल, म्हणाले. धक्का बसल्यावर माणूस असंच काहीतरी बोलून जातो.

ताईचा फोन. मालकाकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना.

९ मार्च
लिलाव कंपनी. काचेची दारं, गार हवा. हातमोजे घातलेल्या बाईंनी नाणं दिव्याखाली धरलं आणि आतून आणखी एका गृहस्थांना बोलावलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी समजलो. बाईंनी विचारलं, हे साफ कुणी केलं? मी विनयाने म्हटलं, मीच. त्या खाली बसल्या. पाणी मागवलं, माझ्यासाठी असेल असं वाटलं, पण त्याच प्यायल्या.

लेखी अहवाल घरी पाठवणार आहेत. राजीनामा टाइप करून घेतला.

१५ मार्च
अहवाल आला. ‘नाणं अस्सल.’ (अधोरेखित केलं.) ‘अत्यंत दुर्मिळ प्रकार.’ (दोनदा अधोरेखित केलं.) त्यापुढे: यंत्रावर घासल्याने मूळ पृष्ठभाग नष्ट, अक्षरं नष्ट, चेहऱ्याचा भाग झिजलेला, कडेला पोचा, मागे चावल्याची खूण. संग्राहकांच्या दृष्टीने मूल्य उरलेलं नाही. वजनावर सोन्याची जी किंमत होईल ती.

हे सगळे म्हाताऱ्याला सामील आहेत.

१७ मार्च
म्हाताऱ्याकडे गेलो. म्हटलं, मागची ऑफर मान्य आहे, मन मोठं करतो. त्याने भिंग लावलं, काढलं, डोळे पुसले. वय झालंय. मग नाणं माझ्यापुढे सरकवून म्हणाला, खाली सोनाराकडे जा. तुम्ही स्वतः आकडा सांगितला होता, अशी मी आठवण करून दिली. तो म्हणाला, तो त्या नाण्याचा होता.

असल्या माणसांशी व्यवहार न झाला तेच बरं.

२० मार्च
सोनार. काट्यावर टाकलं, भाव बोलला. चाकावर घासताना थोडं सोनंही उडालंय म्हणाला, वजन कमी भरतंय. ठेवणार का असंच, असं मी विचारलं. नाही, आटवणार म्हणाला, कानातली होतील.

निघताना मागे वळून पाहिलं नाही. बघायचं होतं.

२१ मार्च
ताईला निम्मे दिले. अगदी बरोबर निम्मे, दाढेचा खर्चही कापला नाही. किती भाऊ असं करतील? तिने मोजले नाहीत. एवढेच का, असं फक्त विचारलं. बाजार पडला म्हटलं. जगभर पडलाय, अचानक. असू दे, तू तरी काय करणार, म्हणाली.

सौ. स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहत होती. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

३१ मार्च
गाळा दुसऱ्याला गेला. ताईची दोन्ही मशिनं आणि इस्त्रीचं टेबल आमच्या बाहेरच्या खोलीत आलं. नवी जागा मिळेपर्यंत राहू दे म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. माझं मन मोठं आहे. डायरी आता आतल्या खोलीत पलंगावर बसून लिहितो, तिथे दिवा नीट नाही. राजीनामा पाठवला नव्हता ही माझी दूरदृष्टी.

४ एप्रिल
सुट्टी. ताईकडे जुनं गिऱ्हाईक आलं होतं, कोटवाल्या बाई. गाळा का सोडलात, एवढा चालता होता, असं विचारत होत्या. मी आतून ऐकत होतो. ताई म्हणाली, नाही जमलं हो. पण माझ्या भावाने फार धावपळ केली माझ्यासाठी. रजा टाकून दारोदार फिरला बिचारा. बाई म्हणाल्या, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. ताई म्हणाली, हो ना.

बाई गेल्या. मशिन सुरू झालं. मग ठरवलं की आता बाहेर जायचं आणि सांगून टाकायचं. चाक, पावडर, म्हातारा काय म्हणाला होता, सगळं. वाक्यही जुळवलं. बाहेर जाऊन तिच्या मशिनपाशी उभा राहिलो. तिने मान वर करून विचारलं, काय रे?

मी विचारलं, चहा मिळेल का?

तिने सुई वर घेतली, कापड बाजूला ठेवलं आणि चहा टाकायला उठली.