बरोबरीचा श्वास

सोमवार, ५ तारीख
आले एकदाची! खोली झकास मिळाली आहे. पेशंटच्या खोलीला लागूनच, खिडकी मोठी, कपाटाला चक्क किल्ली. आधीच्या कामावर मी जिन्याखाली झोपत होते, त्यामुळे इथे दार लावून पलंगावर दोनदा उड्या मारून घेतल्या.

पेशंट तिशीतला. तीन वर्षांपूर्वी तलावाच्या उथळ बाजूला सूर मारला आणि मानेचा मणका मोडला. मानेखाली काही हलत नाही. गळ्याला भोक पाडून नळी बसवली आहे आणि नळीला श्वासाचं यंत्र. त्याची आई त्याला सोन्या म्हणते, आईंना मी काकू म्हणायचं ठरलं. घरात एवढीच माणसं. काकूंनी माझ्या अनुभवाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दमा आहे का, सिगारेट ओढतेस का, जिना चढताना धाप लागते का, एवढंच. शाळेत पोहण्यात बक्षिसं मिळवायचे म्हटल्यावर काकूंचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

बुधवार, ७
सोन्याला यंत्रावरून सुटं करायचं, हे माझं खरं काम. दिवसा थोडा वेळ यंत्र काढायचं, त्याला स्वतःच्या दमावर ठेवायचं आणि तो वेळ हळूहळू वाढवत न्यायचा. छातीचे स्नायू कामातून गेलेले, त्यामुळे त्याला धड खोकताही येत नाही. कफ साठला की मी नळीतून ओढून काढते, नाहीतर दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांखाली ठेवते आणि तो खोकायला गेला की वर दाबते. आडवा असला की त्याला श्वास बरा जमतो, बसवला की जड जातो. नातेवाइकांना हे कधी पटत नाही, काकूंना मात्र सगळं पाठ आहे.

माझी एक पद्धत आहे. यंत्र काढलं की मी पेशंटच्या समोर बसते, त्याच्या डोळ्यांत बघते आणि त्याच्या बरोबरीनं श्वास घेते. माझा आत, त्याचा आत. घाबरलेला माणूससुद्धा मग लयीत येतो. बाकीच्या सिस्टर मला हसतात. हसोत बापड्या! आज सोन्या चार मिनिटं राहिला.

भिंतीवरच्या तक्त्यात मी ऐटीत चारचा आकडा लिहिला. त्यात माझ्याआधीच्या पाच जणींची अक्षरं आहेत. प्रत्येकीचा आकडा चढत जातो आणि नवीन अक्षर सुरू झालं की पुन्हा शून्य. शिस्त नसली की असंच होतं.

सोमवार, १२
पन्नास मिनिटं! नळीवर बोलायची झडप लावली आणि तो पहिल्यांदा बोलला. मला वाटलं, आभार मानेल. म्हणाला, लांब हो, तुझ्या तोंडाला वास येतो. तेव्हापासून तोंडाचा पट्टा सुरूच आहे. पाणी कोमट नाही, उशी टोचते, मी जाडी आहे, माझे हात खरबरीत आहेत. काकू शेजारी बसून मान डोलावतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण पेशंट आहे म्हणून उशी बदलून दिली.

संध्याकाळी जिना चढताना धाप लागली. बत्तिसाव्या वर्षी म्हातारी झाले म्हणायचं.

शुक्रवार, १६
तीन तास. त्याच्या गालांवर लाली आली आहे. माझ्या छातीवर मात्र दुपारभर कुणीतरी बसल्यासारखं होतं. बरोबरीनं श्वास घेणं मी मंगळवारीच सोडलं, आता त्याला गरज नाही. तरी माझा श्वास त्याच्याच लयीत चालतो. मोडायला गेले तर मोडत नाही.

यंत्र परत जोडलं आणि माझी छाती मोकळी झाली. तिथल्या तिथे. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतात, तो चिमटा मी माझ्याच बोटाला लावला. यंत्र काढलेलं असताना शहाऐंशी. जोडल्यावर अठ्ठ्याण्णव. तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच.

शनिवार, १७
आज मुद्दाम माझा श्वास रोखून धरला. त्याचे ओठ निळे पडले. म्हणजे हे दोन्हीकडून चालतं.

त्यालाही ते कळलं. मग तो बोलायला लागला. तासभर, मोठमोठ्यानं, काहीही. बोलायला दम जास्त लागतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मी भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. त्यानं माझ्यावरची नजर काढली नाही.

रविवार, १८
बॅग भरून निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचले आणि पाय गेले. डोळे उघडले तर काकूंच्या दिवाणखान्यात. त्या ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसत होत्या, अगदी मायेनं. म्हणाल्या, त्या कोपऱ्यापुढे कुणीच गेली नाही गं, लांब गेलं की जास्त ओढ बसते.

त्या पाच जणींचं काय झालं, मी विचारलं. चांगल्या होत्या बिचाऱ्या, म्हणाल्या, पण छातीनं कमी पडल्या. तुझी छाती बघूनच तुला ठेवली.

मी खूप रडले. रडायलाही दम लागतो.

मंगळवार, २०
तो झोपताना यंत्रावर असतो, तेवढीच मी जगते. उद्या अकराला यंत्र न्यायला माणूस येणार आहे. सोन्या बरा झाला, आता कशाला, असं काकूंचं म्हणणं. मी त्यांचे पाय धरले. मी गेले तर तुमचा मुलगाही जाईल, म्हटलं. त्यांनी पाय सोडवून घेतले. म्हणाल्या, लागलं तर दोन तासांत परत आणून देतो तो. दर वेळी आणतो.

श्वास रोखून त्याला संपवावं, असं दोनदा मनात आलं. पण त्याआधी मीच बेशुद्ध पडेन. आणि मी भित्री आहे.

बुधवार, २१
साडेदहा. यंत्राला कवटाळून बसले आहे —

अकरा. नेलं. त्या माणसानं माझे हात बाजूला केले. माझ्याकडे बघितलं नाही.

त्याला खुर्चीत बसवलंय. बसल्यावर त्याला जड जायचं. आता मला —

गुरुवार
एका श्वासात एक वाक्य.
दवाखान्यात फोन केला. हॅलोच्या पुढे दम नाही. त्यांनी ठेवला.
चिमट्यावर एकाहत्तर.
बसून लिहिता येत नाही. आडवी.

शुक्रवार
तो म्हणतो, पूर्वी पाण्याखाली — दोन मिनिटं राहायचो.
अजून जमतं का — बघू म्हणे.
काकूंनी घड्याळ काढलं. हौसेनं.
नको म्हणाले. ऐकू गेलं नाही — किंवा गेलं —

त्यानं खोल घेतला. ओठ मिटले.
धरलाय.

वीस —

माझ्याकडे बघून हसतोय —

सोड ना रे — पाया पड