हॅम्बुर्गहून आणलेला निरोप

१२ सप्टेंबर, हॅम्बुर्ग
आज राहिल भेटला! शिकायला पुण्यात होता तेव्हा बिबवेवाडीला आमच्या वरच्या खोलीत राहायचा. बायको आयेशाही शिकायलाच आलेली. वडील आजारी म्हणून एकटाच काबूलला गेला आणि तिथलं सरकारच पडलं. भारताचा व्हिसा रद्द. मग इराण, तुर्कस्तान, होडीने ग्रीस — आणि इथे. बेकरीत काम करतो. केस पिकलेत. लेक नजमा तेव्हा बोबडं बोलायची. "आता फोनवरच ओळखते मला, काकू."

१३ सप्टेंबर
आमोदने त्याला जेवायला बोलावलं. माझा लेकही इथे परकाच. पण त्याने मला बोलावलं आणि मी फिरायला आले, सहज. राहिलच्या बायकोमुलीचा इथे येण्याचा अर्ज मात्र इथल्या सरकारने अडकवून ठेवलाय. निर्वासितांची कुटुंबं सध्या नकोत म्हणे.
निघताना म्हणाला, "आयेशा होडीने यायचं म्हणतेय. माझ्या होडीतली माणसं माझ्यासमोर बुडाली, काकू. ती माझं ऐकत नाही. तुम्ही सांगा."

१६ सप्टेंबर
स्टेशनबाहेर सूपसाठी रांग. आमोद म्हणाला, "आई, अशी बघत राहू नकोस." कुणाकुणाची बायको कुठे असेल, एवढंच मनात.

२८ सप्टेंबर, पुणे
येरवड्याला आयेशाकडे गेले. दार नजमाने उघडलं. "अम्मी कामात आहे. आपलं काय काम होतं?" अस्सल पुणेरी! हसू आलं.
निरोप सांगितला. आयेशा शिवणयंत्रावरून उठली नाही. "चार वर्षं थांबले, काकू. इथे राहायची मुदत दरवेळी वाढवून घ्यायची. काबूलला परत गेले तर पोरीचं शिक्षण संपलं. तुम्ही थांबला असतात?"
चहा पिऊन परत आले.

७ ऑक्टोबर
आयेशा दारात. सोबत नजमा, कपड्यांची पिशवी. "हिला पाण्यावरून नेणार नाही. मी पोचले की रीतसर बोलावून घेऊ. तोवर ठेवाल?"
जाऊ नकोस गं, म्हणाले. परत परत म्हणाले. तिने माझे दोन्ही हात डोळ्यांना लावले.
हो म्हणाले शेवटी.

२२ ऑक्टोबर
नजमाला कारलं चालत नाही, शेंगदाण्याची चटणी चालते. सोसायटीतल्या पोरांबरोबर किल्ला केला. "अम्मी विमानाने गेली ना?" हो म्हणाले. तेहरानपर्यंत विमानच होतं.

१० नोव्हेंबर
तुर्कस्तानातून आयेशाचा फोन. नजमाशी खूप बोलली. मला एवढंच — "वारा पडलाय. आता निघू."

१३ नोव्हेंबर
राहिलचा फोन. होडी उलटली. आयेशा गेली.
नजमाची शाळा सुटेल आता. मला आणायला जायचंय.